तबकडीतून तबकडीत

अमेरिकेत दारूबंदी १९२० साली आली आणि १९३३पर्यंत टिकली. त्या काळात गरिबांच्या हाती लागलेल्या नशांमध्ये स्टर्नोची नशा फार वाईट होती. स्टर्नो हे जेलीसारखं घट्ट जळण. जेवण गरम ठेवण्यासाठी ते छोट्या डब्यांत भरून विकलं जाई. त्यात मद्यार्क असे, पण तो कोणी पिऊ नये म्हणून मुद्दाम विषारी केलेला. माणसं ती जेली फडक्यात बांधून पिळत आणि गळेल ते पीत. त्यात डोळे जात, कधी जीवही जाई. मिसिसिपीतला ब्लूज गायक टॉमी जॉन्सन या व्यसनात पुरता अडकलेला होता. ऑगस्ट १९२८मध्ये मेम्फिसला व्हिक्टर कंपनीने त्याची गाणी मुद्रित केली. त्यातलं एक गाणं या डब्यावरच होतं. त्याचं नाव ‘कॅन्ड हीट ब्लूज’.

३७ वर्षांनी, १९६५ साली, लॉस एंजेलिसच्या काही तरुणांनी आपल्या बँडला ‘कॅन्ड हीट’ हे नाव दिलं. तेव्हा हे नाव सुचायला ती तबकडी ऐकलेली असावी लागे आणि ऐकायला ती सापडावी लागे. कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांसाठी निघालेल्या त्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या मुळातच थोड्या निघाल्या होत्या. मंदीत कंपन्या बुडाल्या आणि दुसऱ्या महायुद्धात लाखेसाठी जुन्या तबकड्या गोळा करून वितळवल्या गेल्या. जे उरलं ते दक्षिणेतल्या घराघरांत, माळ्यांवर, धूळ खात पडलेलं. वेडे संग्राहक दारोदार फिरून ते विकत घेत. कॅन्ड हीट हा बँड या वेड्यांनी काढला. त्याच्या रेकॉर्ड एका रांगेत लावल्या की प्रत्येक चांगल्या गाण्याच्या मागे एखादी जुनी तबकडी उभी दिसते, आणि तिच्या मागे अनेकदा आणखी एक. हा बँड मोठा झाला तो कानांच्या बळावर, असं मला वाटतं. बोटं तर त्या काळात पुष्कळांची त्याहून चपळ होती.

दोन माणसं या गोष्टीच्या मुळाशी आहेत. पहिला बॉब हाइट. अंगापिंडाने अफाट, म्हणून सगळे त्याला ‘अस्वल’ म्हणत. रेकॉर्डच्या दुकानात काम करायचा आणि पगार रेकॉर्डवरच उडवायचा. त्याच्याकडे हजारो तबकड्या होत्या. दुसरा ॲलन विल्सन, मॅसॅच्युसेट्सचा, बोस्टन विद्यापीठात संगीत शिकलेला, अबोल. त्याला जाड भिंगांच्या चष्म्याशिवाय जवळजवळ काही दिसत नसे, म्हणून गिटारवादक जॉन फाहीने त्याला ‘आंधळं घुबड’ हे नाव दिलं आणि ते चिकटलं. गिटारवर हेन्री वेस्टिन होता. १९६४ साली मिसिसिपीतल्या ट्यूनिका इथे एका इस्पितळात पडलेल्या स्किप जेम्सला ज्या तिघांनी हुडकून काढलं, त्यात फाहीबरोबर हाही होता. स्किप जेम्सने १९३१मध्ये गाणी मुद्रित केली होती आणि नंतर तो जणू नाहीसा झाला होता.

त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात सन हाउस सापडला. १९३०च्या सुमारास मिसिसिपी डेल्टामध्ये ज्याचा दबदबा होता तो हा गायक. वीसेक वर्षांपूर्वी तो उत्तरेकडे निघून आला होता आणि गिटार सोडून बसला होता. हात विसरला होता, गाणीही विसरला होता. तेव्हा २१ वर्षांचा विल्सन त्याच्यासमोर बसला. सन हाउसच्या जुन्या मुद्रणांतून शिकलेली त्याची गाणी विल्सनने त्यालाच वाजवून दाखवली. त्यातून म्हाताऱ्याच्या बोटांना हळूहळू आठवू लागलं. १९६५मध्ये कोलंबिया कंपनीने सन हाउसचा ‘फादर ऑफ फोक ब्लूज’ हा अल्बम काढला. त्यात एका गाण्याला विल्सनची गिटार आहे आणि एकाला त्याचा माउथ ऑर्गन. कॅन्ड हीटच्या ध्वनिमुद्रणांची सुरुवात मी इथून धरतो. बँडचा पत्ता तेव्हा नव्हता, पण पुढे त्याने जे केलं त्याचा मासला इथे पुरा सापडतो.

बँडचा पहिला अल्बम लिबर्टी कंपनीने १९६७च्या जुलैमध्ये काढला, मॉन्टेरेच्या संगीत महोत्सवानंतर लगेच. तो प्रामाणिक आहे आणि थोडा शाळकरी आहे. ‘बुलफ्रॉग ब्लूज’, ‘डस्ट माय ब्रूम’ अशी जुनी गाणी, आदराने आणि जोशात वाजवलेली. ऐकून आनंद होतो, पण मूळ तबकडी काढून ऐकावीशी वाटते. याआधी १९६६मध्ये निर्माता जॉनी ओटिसने त्यांची काही गाणी मुद्रित केली होती. ती १९७०पर्यंत बाहेर आली नाहीत, आणि आली तेव्हा बँडच्या प्रसिद्धीवर स्वार होऊन आली.

खरी उडी १९६८च्या जानेवारीत, ‘बूगी विथ कॅन्ड हीट’ या दुसऱ्या अल्बममध्ये. त्यात ‘ऑन द रोड अगेन’ आहे आणि त्याची वंशावळ मागे मागे जाते. शिकागोचा फ्लॉइड जोन्स याने १९५३मध्ये याच नावाचं गाणं मुद्रित केलं होतं. ते त्याच्याच १९५१च्या ‘डार्क रोड’ची नवी आवृत्ती होती. आणि ‘डार्क रोड’ची मुळं टॉमी जॉन्सनच्या १९२८च्या ‘बिग रोड ब्लूज’मध्ये. बँडला नाव देणाराच या गाण्याचा पूर्वज निघतो. प्रत्येक पिढीने रस्ता तोच ठेवला आणि चालणारा बदलला. जॉन्सनचा रस्ता मिसिसिपीतला मातीचा. जोन्सचा शिकागोतला, कामगार वस्तीतला, विजेच्या गिटारचा. विल्सनचा रस्ता कुठल्याच गावातला वाटत नाही, इतका तो आवाज एकाकी आहे. चढ्या पट्टीतला, पातळ, खोट्या गळ्याचा. ही गायकी त्याने स्किप जेम्सकडून उचलली होती.

या गाण्यात आपल्या ओळखीचं एक वाद्य आहे, तंबोरा. अगदी पहिल्या क्षणापासून त्याचा झंकार मागे धरलेला आहे आणि गाणं संपेपर्यंत तो सोडलेला नाही. १९६७-६८मध्ये पाश्चात्त्य गाण्यांत भारतीय वाद्यं घालायची लाट होती. बहुतेक ठिकाणी सतार यायची आणि ती मसाल्यासारखी वरून भुरभुरलेली असायची. विल्सनने सतारीला हात लावला नाही, तंबोरा घेतला. कारण त्याला काय हवं होतं ते त्याला कळलेलं होतं. डेल्टा ब्लूजच्या कितीतरी गाण्यांत स्वरसंगती बदलत नाही. गिटारची एकच तार षड्जासारखी घुमत राहते आणि सगळं गाणं तिच्या आधाराने चालतं. ‘ऑन द रोड अगेन’ असंच एका जागी उभं आहे. त्या घुमणाऱ्या तारेचं काम तंबोऱ्याने करायचं, ही जोड ज्याला सुचली त्याला दोन्हीकडचं संगीत आतून ऐकू येत होतं.

आता माउथ ऑर्गन. गाणं ई स्वरातलं, वाद्य ए पट्टीचं. ब्लूजवाले असंच वाजवतात, वाद्याची पट्टी गाण्याच्या पट्टीपासून मुद्दाम वेगळी ठेवून. ई हा षड्ज धरला तर सहाव्या छिद्रातून श्वास आत ओढल्यावर शुद्ध ऋषभ येतो. ब्लूजला हवा असतो कोमल गंधार. खालच्या सप्तकात तो श्वास वाकवून काढता येतो, पण वरच्या सप्तकात त्या जागी तो मिळतच नाही. विल्सनने वाद्य उघडलं आणि सहाव्या छिद्रातली पितळी जिभली अर्ध्या सुराने चढवून घेतली. ऋषभाचा कोमल गंधार झाला. एका स्वरासाठी एवढी खटपट. पुढची कित्येक वर्षं माउथ ऑर्गन वाजवणारे ही रेकॉर्ड लावून ती जागा हुडकत राहिले आणि साध्या वाद्यावर त्यांना ती सापडेना, कारण ती तिथे नव्हतीच. ब्लूजच्या ध्वनिमुद्रणांत मला हा स्वर फार मोलाचा वाटतो.

गाणं अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत सोळाव्या क्रमांकावर आणि इंग्लंडमध्ये आठव्यावर पोचलं. लेखकांत विल्सनबरोबर फ्लॉइड जोन्सचं नाव आहे. टॉमी जॉन्सनचं नाही. तो १९५६मध्ये वारला होता.

पुढचं मोठं गाणं ‘गोइंग अप द कंट्री’. १९६८च्याच अखेरीस आलेल्या ‘लिव्हिंग द ब्लूज’ या दुहेरी अल्बममधलं. त्यातल्या बासरीची धून एकदा ऐकली की डोक्यातून जात नाही. ती वाजवली आहे जिम हॉर्नने. ती सुचली मात्र त्याला नाही, विल्सनलाही नाही. टेक्ससचा हेन्री थॉमस हा रेल्वेच्या कडेकडेने भटकणारा गवई १८७४चा जन्मलेला, म्हणजे ब्लूज हे नाव रुळण्याआधीचा माणूस. १९२७ ते १९२९ या काळात त्याने व्होकॅलियन कंपनीसाठी २३ गाणी मुद्रित केली. बोरूसारख्या पोकळ नळ्या शेजारी शेजारी बांधून केलेला पावा तो गळ्यात अडकवून वाजवी आणि हाताने गिटार धरी. त्याच्या १९२८च्या ‘बुल डोझ ब्लूज’मध्ये त्या पाव्यावर जी धून आहे, तीच हॉर्नने बासरीवर जवळजवळ स्वरास स्वर लावून घेतली. गाण्याची चालही तीच. विल्सनने शब्द नवे लिहिले. शहराला कंटाळून दूर निघून जाऊ पाहणाऱ्या माणसाचे ते शब्द आहेत.

लेखक म्हणून फक्त ॲलन विल्सनचं नाव पडलं. हेन्री थॉमसचं कुठेच नाही. तो १९२९नंतर कुठे गेला, कुठे मेला, याची नीट नोंद नाही, आणि वाटा मागायला मागे कोणी नव्हतं. मला हे खटकतं, विल्सनवर माझं प्रेम असूनही खटकतं. ज्याने सन हाउसला त्याची गाणी परत दिली, त्याच्याच सर्वांत गाजलेल्या गाण्यावर मूळ माणसाचं नाव असायला हवं होतं. तसा त्या काळचा रिवाज होता, सगळेच तसं करत, हे खरं आहे. त्याआधीच्या ‘बूगी विथ कॅन्ड हीट’मध्येही ‘फ्राइड हॉकी बूगी’ हे अकरा मिनिटांचं वादन आहे. ते सरळसरळ ब्लूज गायक जॉन ली हूकरच्या १९४८च्या ‘बूगी चिलन’वर उभं आहे आणि लेखक म्हणून नाव बँडच्याच बासवादकाचं, लॅरी टेलरचं. हूकरची ती चाल इतकी पसरली की पुढे तिच्यावरून झेडझेड टॉप या बँडवर खटला झाला आणि १९९५मध्ये तो अमेरिकेच्या वरच्या न्यायालयापर्यंत गेला.

पण घेणाऱ्यांच्या हातातूनही गाणी गेली. १९६७च्या ऑक्टोबरमध्ये डेन्व्हरला पोलिसांनी बँडला अमली पदार्थांच्या आरोपाखाली धरलं. वकिलाला द्यायला पैसे नव्हते. लिबर्टीचा प्रमुख अल बेनेट याने १०,००० डॉलर दिले आणि बदल्यात गाण्यांचे प्रकाशनहक्क घेतले. ‘ऑन द रोड अगेन’ तेव्हा बाहेर यायचं होतं. ‘गोइंग अप द कंट्री’ लिहून व्हायचं होतं. ते गाणं पुढे अकराव्या क्रमांकापर्यंत चढलं, १९६९च्या वुडस्टॉक महोत्सवावरच्या चित्रपटात सुरुवातीलाच वाजलं आणि मग जाहिरातींत दशकानुदशकं वाजत राहिलं. १९६७च्या डिसेंबरमध्ये बँडमध्ये आलेला मेक्सिको सिटीचा ड्रमवादक फितो दे ला पारा याने आपल्या आत्मचरित्रात या व्यवहाराची कडू आठवण लिहिली आहे.

‘लिव्हिंग द ब्लूज’ची दुसरी रेकॉर्ड दोन्ही बाजूंना मिळून ‘रिफ्राइड बूगी’ या एकाच वादनाने भरली आहे, चाळीस मिनिटांहून जास्त. मी ती पुरी ऐकायला कोणाला सांगणार नाही. त्या काळच्या प्रेक्षकांना नाचायला ती हवी होती. घरी बसून ऐकताना तिच्यात फारसं हाती लागत नाही. ‘पार्थेनोजेनेसिस’ हा नऊ तुकड्यांचा प्रयोग मात्र ऐकण्यासारखा आहे, निदान विल्सनने त्यात माउथ ऑर्गनवर काय काय केलं त्यासाठी.

याच वर्षांत बँडने जुन्या ब्लूजवाल्यांना हात दिला, आणि हे काम मला त्यांच्या यशस्वी गाण्यांइतकंच मोठं वाटतं. शिकागोचा पियानोवादक सनीलँड स्लिम त्यांच्या अल्बममध्ये वाजवतो, आणि त्याच्या स्वतःच्या १९६८च्या अल्बममध्ये हे लोक वाजवतात. ह्यूस्टनला हाइटने गिटारवादक अल्बर्ट कॉलिन्सला ऐकलं आणि त्याला कॅलिफोर्नियात इंपीरियल कंपनीशी करार मिळवून द्यायला मदत केली. मेम्फिस स्लिम आणि क्लॅरेन्स ब्राउन यांच्याबरोबरची मुद्रणं पुढे फ्रान्समधून निघाली.

आणि जॉन ली हूकर. मे १९७०मध्ये लॉस एंजेलिसला ‘हूकर अँड हीट’ मुद्रित झालं. हूकर गाताना पायाने ताल धरी आणि तो ताल हाच त्याचा ड्रम. म्हणून त्याच्या पायाखाली प्लायवूडची फळी ठेवली आणि तिच्यासाठी वेगळा मायक्रोफोन लावला. जुना, घोगऱ्या आवाजाचा अँप शोधून आणला. संग्राहकांनाच सुचाव्यात अशा या गोष्टी आहेत. १९४८च्या तबकडीत पाय कसा ऐकू येतो ते त्यांना पाठ होतं आणि तो तसाच हवा होता. दुहेरी अल्बमचा पहिला भाग हूकर एकटा गातो. मग विल्सन एकटा त्याच्या साथीला येतो, कधी माउथ ऑर्गन, कधी पियानो, कधी गिटार घेऊन. शेवटी सगळा बँड. हाइट गायक असूनही एकदाही गात नाही. तो काचेपलीकडे निर्माता म्हणून बसला.

हूकरला साथ करणं अवघड होतं. बारा खंडांच्या (‘बार’च्या) आवर्तनांचा ब्लूजचा ठरलेला हिशेब तो पाळत नसे. मनाला येईल तेव्हा पुढे जाई, कधी आवर्तन लांबवी, कधी अर्ध्यात मोडी. कसलेले साथीदारही तिथे चुकत. विल्सन चुकत नाही. रेकॉर्डमध्ये दोन गाण्यांच्या मधलं बोलणं ठेवलं आहे. हा माझ्या मागून नेमका कसा येतो याचं हूकरला वाटलेलं नवल त्यात ऐकू येतं. सन हाउससमोर बसलेला तो २१ वर्षांचा मुलगा, सहा वर्षांनी, पुन्हा एका थोर माणसासमोर बसलेला आहे आणि त्याचं पुढचं पाऊल कुठे पडणार हे त्याला आधीच ऐकू येतं आहे. कॅन्ड हीटची एकच रेकॉर्ड ठेवायची झाली तर मी हीच ठेवीन.

ती निघाली १९७१च्या सुरुवातीला. त्याआधी, ३ सप्टेंबर १९७० रोजी, टोपांगा कॅन्यनमध्ये हाइटच्या घरामागच्या टेकडीवर विल्सन मेलेला आढळला. झोपेच्या गोळ्या जास्त झाल्या होत्या. वय २७. जंगलावर त्याचा जीव होता, तो बाहेर झाडांखालीच झोपायचा. महिनाभरापूर्वीच आलेल्या ‘फ्यूचर ब्लूज’च्या वेष्टनावर रेडवूडच्या जंगलतोडीवर त्याने लिहिलेला लेख छापला होता. त्या अल्बमच्या मुखपृष्ठावर चंद्रावर उतरलेले अंतराळवीर अमेरिकेचा ध्वज उलटा रोवताना दाखवले आहेत आणि मागे काजळलेली पृथ्वी आहे. ‘हूकर अँड हीट’च्या मुखपृष्ठावर हूकर आणि बँड एका खोलीत आहेत. विल्सनचा फोटो भिंतीवर टांगलेला आहे.

‘फ्यूचर ब्लूज’मधलं ‘लेट्स वर्क टुगेदर’ इंग्लंडमध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेलं होतं. ते विल्बर्ट हॅरिसनचं गाणं. त्याची स्वतःची रेकॉर्ड तेव्हा अमेरिकेत चालू होती म्हणून बँडने आपली तिथे थांबवून धरली. हेन्री थॉमसच्या बाबतीत जे झालं नाही ते इथे झालं. फरक एवढाच की हॅरिसन जिवंत होता.

विल्सननंतरच्या रेकॉर्ड पुष्कळ आहेत आणि त्यांच्यावरून मी भराभर जाईन, कारण त्यांचा कान गेला होता. ‘हिस्टॉरिकल फिगर्स अँड एन्शंट हेड्स’मध्ये लिटल रिचर्ड आहे. १९७३चा एक अल्बम अलाबामात मसल शोल्सला झाला, वाद्यमेळ भरगच्च, बँड हरवलेला. याच सुमाराला ‘लाइव्ह ॲट टोपांगा कोरल’ निघाला. मुद्रण मुळात हॉलिवूडमधल्या कलायडोस्कोप या जागी १९६८मध्ये झालेलं. पण तेव्हा लिबर्टीशी करार होता, म्हणून वेष्टनावर जागा आणि साल दोन्ही खोटी घातली. आज जुन्या रेकॉर्ड शोधणारे लोक अजून या नोंदीत फसतात. ५ एप्रिल १९८१ रोजी हाइट गेला, कार्यक्रमाच्या रात्रीच, हेरॉइनने. वेस्टिन १९९७मध्ये पॅरिसला, दौऱ्याच्या शेवटी. लॅरी टेलर २०१९मध्ये.

दे ला पाराने बँड बंद पडू दिला नाही. १९८९मध्ये हूकरचा ‘द हीलर’ हा गाजलेला अल्बम आला, त्यातल्या ‘कटिन आउट’ या गाण्यात साथ कॅन्ड हीटची आहे. २०२४मध्ये ‘फायनल व्हायनल’ या नावाने त्यांचा नवा अल्बम आला.

हाइटचा तबकड्यांचा संग्रह त्याच्या हयातीतच फुटू लागला होता. पैशाची अडचण आली की गठ्ठे विकले जात. पण काही तबकड्या वाचल्या आणि २००७मध्ये बेल्जियमच्या एका कंपनीने त्यांतली निवडक दुर्मीळ गाणी एकत्र करून अल्बम काढला. नाव ‘रॅरिटीज फ्रॉम द बॉब हाइट व्हॉल्ट्स’. त्यात कॅन्ड हीटचं एकही गाणं नाही, सगळी त्याआधीच्या लोकांची आहेत. बँडच्या रेकॉर्डची यादी करणारे तो तिच्यात धरत नाहीत. मी धरतो, आणि पहिल्या क्रमांकावर धरतो.